तळटीप : पुण्यातली मुख्यालये

१४. लेखकाने ‘पुण्याच्या कंपन्यां’त टाटा मोटर्सही धरली आहे. तिचा मोठा कारखाना पिंपरीत असला, तरी मुख्यालय मुंबईत, बॉम्बे हाउसमध्ये आहे. रिझर्व्ह बँक आणि शेअर बाजार जवळ असल्याने राज्यातली बहुतेक बडी मुख्यालये मुंबईतच एकवटली. भारत फोर्ज (स्थापना १९६१) मात्र मुंढव्यात आणि सीरम इन्स्टिट्यूट (१९६६) हडपसरला, कारखान्यालगतच राहिली. बजाज ऑटोचे मुख्यालय असलेले आकुर्डी पुणे शहरात नव्हे, तर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत येते. मला सर्वांत मोलाचे उदाहरण बँक ऑफ महाराष्ट्रचे वाटते : १९३५ साली पुण्यात स्थापन झालेल्या या बँकेचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी मुख्यालय पुण्यातच राहिले, आज ते शिवाजीनगरच्या ‘लोकमंगल’मध्ये आहे. — संपा.