बैगा, पाद्री आणि कंपाउंडर

छत्तीसगडात कुरूद नावाची निदान दोन गावं आहेत. एक भिलाईत, पोलादाच्या शहराने कधीच पोटात घेतलेलं. दुसरं रायपूरहून धमतरीला जाणाऱ्या वाटेवर. भिलाईची पहिली भट्टी १९५९ साली पेटली आणि तिच्या आगेमागे कामगारांची घरं, शाळा, पुढे सेक्टर नऊचं मोठं रुग्णालय, हे सगळं सरकारी पैशातून उभं राहिलं. धमतरीच्या वाटेवर १९०० साली अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा विक्रम संवतातल्या छप्पन सालचा दुष्काळ ऐन भरात होता. आदल्याच वर्षी येऊन ठेपलेले अमेरिकेचे मेनोनाइट मिशनरी तिथे अनाथ पोरं गोळा करत होते. पुढे १९१० साली धमतरीला मिशनचं रुग्णालय निघालं. त्या गाडीपासून भिलाईच्या भट्टीपर्यंतच्या साठ वर्षांत छत्तीसगडच्या खेड्यांत औषध आणि अक्षर कुणाच्या हातून पोचलं? ‘मिशनऱ्यांच्या’ असं म्हणून आपण मोकळे होतो, मग स्तुती करायची असो की निंदा. हे उत्तर अपुरं आहे. मिशनने इथे ख्रिस्ती माणसं थोडी घडवली. कंपाउंडर, नर्स आणि शाळामास्तर मात्र पुष्कळ घडवले, आणि या कामाचं मोजमाप त्यांच्यावरून करायला हवं. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि नंतरही १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चालत असे.

मिशनच्या कामाची सुरुवात त्या गाडीच्याही आधी, मोठ्या अपेक्षेने झाली होती. जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर १८६८ साली रायपूरला आले. गुरू घासीदासांच्या दलित पंथातले सतनामी मूर्ती मानत नाहीत, एकच सतनाम मानतात, हे कळल्यावर अख्खा पंथ आपल्याकडे येईल असं त्यांना वाटलं. सतनामी गुरूंच्या भंडार या गावी त्यांचं चांगलं स्वागतही झालं. पण बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जानवं उतरवल्याचं दिसलं, आणि माणसं बिथरली. सवर्णांच्या नाकावर टिच्चून घातलेलं ते जानवं सोडायला पंथ तयार नव्हता. लोरनी दीड हजार एकरांवर जमीन घेऊन विश्रामपूर वसवलं, शाळा काढली, औषधं वाटली. पंथ आला नाही. आली ती एकेकटी माणसं, आणि दुष्काळात कुटुंबं. विश्रामपुरात मिशन स्वतःच मालगुजार होतं. जमीन त्याची, शाळा त्याची, चर्च त्याचं, गावाचे नियमही त्याचेच. ज्याच्याकडून कुळाने जमीन कसायला घ्यायची, त्याच्याच पुढे श्रद्धेचा निर्णय करायचा, यात मोकळेपणा कितीसा उरणार? मिशनच्या कामातला हा सगळ्यांत मोठा दोष होता असं मला वाटतं, आणि दवाखान्याच्या चांगुलपणाने तो झाकता येत नाही.

दवाखान्याचं गणित मात्र जमिनीपेक्षा निराळं निघालं. शाळेत पोर पाठवायचं म्हणजे शेतातला एक हात कमी करायचा. दवाखान्यात मात्र खरूज झालेला, तापाने फणफणलेला, डोळा आलेला कोणीही येई. येण्याआधी तो बहुधा बैगाकडे जाऊन आलेला असे. झाडफूक करणारा, टोनहीची, म्हणजे चेटकिणीची, बाधा उतरवणारा बैगा हा गावातला पहिला वैद्य, आणि माणसं बैगा सोडून दवाखान्यात आली असं घडलं नाही. ती दोन्हीकडे गेली. मुंगेलीचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. डिसायपल्स मिशनच्या डॉ. अ‍ॅना गॉर्डन यांच्या हाताखाली हिरालाल नावाचा तरुण तयार झाला. मलमपट्टीपासून शस्त्रक्रियेपर्यंत तो तिथेच शिकला आणि पुढे लोकांचा डॉक्टर झाला. १९२० च्या दशकात व्हिक्टर रॅम्बो तिथे आले ते या रुजलेल्या दवाखान्यात. मोतीबिंदू पिकून आंधळी झालेली माणसं मुंगेलीपर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून रॅम्बोंनी शिबिरं भरवून शस्त्रक्रियाच गावोगाव नेली. त्या काळची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे भिंगासकट मोती बाहेर काढायचा आणि मग रोग्याला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक दिवस उताणं निजवायचं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. सर्जनचं काम काही मिनिटांचं. पट्टी बदलणं, म्हातारीला कूस वळू न देणं, खोकला आला तर डोकं धरून ठेवणं, हे सगळं तिच्या बोलीत, छत्तीसगढीत समजावणारी माणसं नसती तर साहेबाच्या हाताचं कसब एका रात्रीत वाया गेलं असतं. शिबिराचा खरा कणा ही माणसं होती.

यावरचा जुना आक्षेप असा की औषध हे आमिष होतं. गांधीजींनीही धर्मांतराच्या हेतूने केलेल्या रुग्णसेवेवर हरकत घेतली होती. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात शिफारस केली की वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं साधन म्हणून वापर करायला कायद्याने बंदी घालावी. ही समिती द्वेषाने बोलली असं म्हणून तिला मोडीत काढणं सोपं आहे, पण तिचे अध्यक्ष, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी, त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. धर्म बदलण्याला त्यांचा विरोध नव्हता. लाचारीतून धर्म बदलण्याला होता. मिशनच्या कुष्ठाश्रमांपुरता हा प्रश्न मला रास्त वाटतो. घराने बाहेर काढलेला माणूस चांपा किंवा चांदखुरीच्या आश्रमात आयुष्य काढी, आणि त्याची ‘संमती’ कशी तपासायची? पण त्याला घराबाहेर काढणारे आपणच होतो, हेही त्याच दमात म्हणायला हवं. आणि बाह्यरुग्णांचं काय? आमिषाचा आरोप पुरा खरा असता, तर शंभर वर्षांच्या औषधपाण्यानंतर २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती दोन टक्क्यांहून कमी दिसले नसते. त्यातलेही पुष्कळसे जशपूरकडच्या डोंगराळ भागातले आदिवासी. मैदानातले लोक औषध घेऊन आपल्या पंथात परतले.

कोणी म्हणेल, परदेशी पैसा आणि परदेशी डॉक्टर नसते तर हिरालाल घडलेच नसते. खरं आहे, आणि ते ऋण नाकारण्याचं कारण नाही. पण परदेशी माणसं निघून गेल्यावरही धमतरी, मुंगेली, चांपा इथली रुग्णालयं भारतीय हातांत चालू राहिली, ती केवळ इमारती भक्कम म्हणून नव्हे. मुंगेलीत आज एका शाळेला रॅम्बोंचं नाव आहे. हिरालाल यांचं नाव भेटतं ते रॅम्बोंच्या इंग्रजी चरित्राची पानं उलटताना.