फिल्टर धुतला आणि मासे मेले : काचेच्या टाकीतल्या पाण्याची पावणेदोनशे वर्षं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकलं, ज्यांची रेंज मध्येच गेली, त्यांच्यासाठी.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. वाटूरच्या घरात पहिली टाकी आणली, दोन फुटी. चार गोल्डफिश, एक छोटा फिल्टर. महिनाभर सगळं छान. मग एका रविवारी फिल्टरचा स्पंज काढला, काळा-तपकिरी चिकट झाला होता. नळाखाली धरला, पिळून पिळून पांढरा केला आणि परत लावला. वाटलं, काय मस्त साफ केलं! तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडायला लागले. पाचव्या दिवशी चारही गेले. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ होतं.

स्वच्छ पाण्यात मासे मरतात कसे? याचं उत्तर शोधायला माणसाला चाळीस वर्षं लागली. आज तीच गोष्ट.

आधी आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. शाळेच्या सहलीत छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, पंप नसताना आणलंय. ते उंचावरून हौदात पडतं, त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरायची. आपण मात्र त्या हौदातले मासे बघत बसायचो. आता लक्ष द्या. ते पाणी पडतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन जातं. वरून नवीन पाणी येतं, जुनं पुढे निघून जातं. वाहत्या पाण्यात मासा जगतो, हे आपल्याकडे नदीकाठच्या कुणालाही माहीत होतं. प्रश्न वेगळा होता : पाणी बाहेर जाणारच नसेल तर? चार काचांच्या आत तेच पाणी, तोच मासा, त्याचीच घाण. मग काय?

चला लंडनला. साल १८५०. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने साधारण बारा गॅलनचं भांडं घेतलं, म्हणजे पंचावन्नेक लिटर. अगदी आपली दोन फुटी टाकी! त्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती. हिशोब सोपा होता : मासा ऑक्सिजन घेतो, वनस्पती सोडते. पण वनस्पतीची पानं सडायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्या सडकं खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. हे त्याने केमिकल सोसायटीला कळवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालयही उघडलं आणि काचेच्या टाकीचं वेडच लागलं.

पण घरोघरी मासे मरत होते. कारण सगळ्यांना वाटत होतं, प्रश्न फक्त ऑक्सिजनचा आणि दिसणाऱ्या कचऱ्याचा आहे.

पुढचा माणूस विल्यम आल्फर्ड लॉइड. हा मत्स्यालयाचं सामान विकणारा. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मोठं मत्स्यालय त्याच्या पद्धतीनं उभं राहिलं. पद्धत अशी : दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद. पाणी पंपाने रात्रंदिवस वर चढवायचं आणि खाली आणायचं. समुद्राचं तेच पाणी वारंवार वापरायचं. ते चालायचं! पण नेमकं का चालतं, ते पूर्ण कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळायला दुसऱ्याच वासाच्या ठिकाणी जावं लागलं. गटारात!

१८७७. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू पाझरत सोडलं. पहिले काही दिवस काहीच फरक नाही. जे वरून टाकलं, तेच खाली. मग साधारण वीस दिवसांनी पाण्यातला अमोनिया गायब व्हायला लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट यायला लागलं. नुसती वाळू हे करत असती तर पहिल्याच दिवशी झालं असतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद! म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होतं.

थोडं थांबून अमोनिया समजून घेऊ. मासा मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य सडलं की तोही अमोनियाच. तो डोळ्यांना दिसत नाही. माझ्या काचेसारख्या पाण्यात तोच होता.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. त्या १८५० च्या वॉरिंग्टनला एक मुलगा होता, त्याचंही नाव रॉबर्ट. वडिलांनी गोल्डफिश पाळले तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा. मोठा होऊन इंग्लंडच्या रोथॅमस्टेडला शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला. फ्रेंच प्रयोग त्याने स्वतः करून पाहिला आणि पुढे दाखवून दिलं की हे काम दोन टप्प्यांत होतं. एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते १८९० मध्ये सर्गेई विनोग्रादस्की याने केलं. तरी विचार करा : बापाच्या टाकीतलं कोडं मुलाने शेतातल्या मातीत सोडवलं.

आणि हे अजून संपलेलं नाही बरं का. दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. १९९८ मध्ये हौशी लोकांच्याच प्रकारच्या गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे हे काम नायट्रोस्पायरा करत होता. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये असा नायट्रोस्पायरा सापडला की दोन्ही टप्पे एकटाच उरकतो.

म्हणजे सार काय? फिल्टर ही चाळणी नाही. ती वस्ती आहे. मी ज्याला घाण समजून पिळून काढलं, ती वस्तीच होती. आणि पाणी कुठलं? गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडते ना, ते क्लोरिनचं. आपल्याला पिण्यासाठी ते हवंच, पण फ्रेंचांनी क्लोरोफॉर्मने जे मुद्दाम केलं, ते मी नळाखाली नकळत केलं.

आता कामाचं बोलू. हा इतिहास लक्षात ठेवला तर फिल्टर निवडणं अवघड नाही.

आपल्याकडे लाइट जाते. महागडा कॅनिस्टर फिल्टर म्हणजे बंद डबा. पंप थांबला की आत ऑक्सिजन संपत जातो, वस्ती गुदमरते. बऱ्याच तासांनी लाइट आली की तेच सडकं पाणी टाकीत. तसं झालं तर डबा आधी उघडून टाकीच्या पाण्याने खंगाळा, मगच चालू करा. हँग-ऑन, म्हणजे मागे लटकवायचा फिल्टर, चांगला, पण त्यातली कार्ट्रिज दर महिन्याला फेका असं खोक्यावर लिहिलं असेल तर फेकू नका. फेकलं की वस्ती गेली. दोन फुटी टाकीला माझं मत : एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर. स्वस्त, उघडा, आणि बॅटरीवरचा छोटा एअर पंप जोडला की लाइट गेली तरी बुडबुडे चालू. पंपवाला फिल्टर घेणार असाल तर तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा बघा. पन्नास लिटरला दोनशे-अडीचशे.

नवीन टाकीत पहिल्याच दिवशी सहा मासे टाकू नका. ते वीस दिवस आठवा. वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद-दुसरा मासा आणि चिमूटभर खाद्य, एवढंच. ओळखीच्या कुणाची जुनी टाकी निरोगी चालत असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. याहून मोठी भेट नाही.

स्पंजमधून पाणी कमी यायला लागलं की धुवा, पण टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोन-तीनदा दाबा, बस. पांढरा करायचा नाही. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, कारण शेवटी उरलेलं नायट्रेट फिल्टर काढत नाही. नळाचं पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

बोअरचं पाणी जड असतं म्हणून घाबरू नका. श्लोझिंग-म्युन्झच्या नळीत चुनखडी होती, आठवतं ना? या जिवाणूंना काम करताना पाण्यातला तो क्षार लागतो. गोल्डफिश, गप्पी, मॉलीही त्यात खूश. फक्त एक, अशा पाण्यात सामू, म्हणजे पीएच, बहुधा जास्त असतो आणि तेव्हा अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून खाद्य कमी आणि घाई नको.

माझ्या टाकीत आता पाच गप्पी आहेत. स्पंज काळा-तपकिरी आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अरे, तो स्पंज धू की जरा!"

मी धूत नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या टाकीतला स्पंज कुणी "साफ" करत असेल, तर त्याला हा भाग ऐकवा.