परमुलखातले मास्तर आणि अंगणातली शाळा

'परदेश' म्हटलं की आपल्या पिढीला व्हिसाची रांग, बॅगेत कोंबलेली गोडा मसाल्याची पाकिटं आणि 'ऑनसाइट' हा शब्द आठवतो. पण आपल्या आजीच्या बोलण्यात 'परमुलूख' असा एक जुना शब्द असायचा. त्याला पासपोर्ट लागत नाही. बोली बदलली, ताटातलं अन्न बदललं आणि आपण कोण हे कुणाला ठाऊक नसलं, की झाला परमुलूख. या हिशोबाने मुंबईपासून जेमतेम तीन-चार तासांवर एक परमुलूख आहे. तिथे शेकडो शिक्षक वर्षानुवर्षं राहतात. तो म्हणजे जव्हार-मोखाडा.

आपण लोक जव्हारला जातो ते पावसाळ्यातल्या विकांताला. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, भरपूर फोटो आणि रविवारी रात्री घरी. मीही तसाच गेलो होतो. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना लातूरकडचे एक गुरुजी भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक, राहायला जव्हारात भाड्याची खोली, रोज सकाळी मोटरसायकलने पाड्यावर. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरलेला होताच. ते म्हणाले की पहिले सहा महिने पोरं आपापसात काय बोलतात ते कळायचं नाही, आणि आपण बोललेलं पोरांना कळत नाही हे कळायला त्याहून जास्त वेळ लागला.

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला तीन महिन्यांसाठी बाहेर पाठवताना कंपनीने दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. हस्तांदोलन कसं करायचं, टिप किती ठेवायची, मीटिंगला किती मिनिटं आधी पोचायचं वगैरे. म्हणजे 'तुम्ही परक्या ठिकाणी चालला आहात, तिथल्या रीती शिका' हे आधीच गृहीत धरलेलं. लातूरहून मोखाड्याला जाणाऱ्या माणसाला मात्र आपण परक्या ठिकाणी चाललोय असं कुणी सांगत नाही. राज्य तेच, कागदोपत्री भाषाही तीच. मग वर्गात जो परका ठरतो तो मास्तर नसतो, सहा वर्षांचं पोर असतं. आणि तेही स्वतःच्याच पाड्यात!

थोडा इतिहास बघू. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. हे महादेव कोळी राजघराणं आपली परंपरा थेट चौदाव्या शतकातल्या जयाबा मुकण्यांपर्यंत नेतं. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. म्हणजे एका डोंगरावर राजाचं राज्य, पलीकडच्या डोंगरावर साहेबाचं. डोंगरातली माणसं मात्र दोन्हीकडे तीच : वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. आजही या दोन तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले.

या माणसांचा शहरी, लिहित्या-वाचत्या माणसाशी संबंध कसा यायचा? सावकार, जंगल खात्याचा गार्ड, ठेकेदार, जमीनदाराचा दिवाणजी. कागद हातात धरणारा माणूस दिसला की काहीतरी जाणार, हाच अनुभव. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीवर दिलेला अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेठबिगार आणि कर्जाच्या फासाचं वर्णन आहे, आणि ते एका सरकारी अधिकाऱ्याने केलेलं आहे. १९४५ साली याच पट्ट्यात, डहाणू-उंबरगाव भागात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली.

आणि नेमक्या त्याच १९४५ साली, त्याच डहाणू तालुक्यात, समुद्राकाठच्या बोर्डी गावी दोन बाहेरच्या बाया शाळा काढायला येऊन राहिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. जव्हारपासून बोर्डी म्हणजे डोंगर उतरून पश्चिमेला साधारण ७० किलोमीटर. मोखाड्यात आज गुरुजींना जे कोडं पडतं, ते या दोघींनी तिथे आधी सोडवायला घेतलं होतं, म्हणून त्यांची गोष्ट सांगतो.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. उच्चशिक्षित. संसार मोडला, लहान मुलगी पदरात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या नोकरीसाठी राजकोटला आणि तिथून भावनगरला गेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, गुजरातीत. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला तोही तिथेच. म्हणजे बोर्डीला येण्याआधी ही बाई एक परमुलूख पचवून बसलेली होती. मला वाटतं हे त्यांचं मोठं भांडवल होतं. दुसऱ्याच्या भाषेत शिकवायचं तर आधी आपणच शिकावं लागतं, हे त्यांना भावनगरने शिकवलं असणार.

अनुताई १९१० च्या, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिक्षण, मग पुण्यात हुजूरपागेत शिक्षिकेची पक्की नोकरी. वयाच्या पस्तिशीत ती सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. पुण्यातली पक्की नोकरी सोडून! आज आपल्यातला कुणी रिझाइन करून मोखाड्याला निघाला तर घरचे काय म्हणतील, त्यावरून १९४५ चा अंदाज बांधा.

गंमत म्हणजे त्याच काळात एक खरीखुरी परदेशी बाई भारतात अडकून पडली होती. मारिया मॉन्टेसरी. १९३९ साली त्या मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत शिक्षकांचा वर्ग घ्यायला आल्या. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ही सत्तरीची शिक्षिका शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. त्या व्याख्यानं द्यायच्या इटालियनमध्ये, मुलगा मारिओ इंग्रजी भाषांतर करायचा, आणि समोर बसलेले शिक्षक ते आपापल्या भाषेत नेऊन पोचवायचे. मुक्काम लांबत गेला. मधला काही काळ कोडाईकनालला काढून १९४६ साली त्या युरोपात परतल्या. मॉन्टेसरीबाईंची पहिली बालशाळा १९०७ साली रोममधल्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत निघाली होती हे आपण विसरतो. आता 'मॉन्टेसरी' म्हटलं की आपल्याला फीचा आकडा आठवतो :)

ताराबाई आणि अनुताई मॉन्टेसरीची पद्धत घेऊन बोर्डीला गेल्या खऱ्या, पण तिथे पहिल्याच पायरीला ती अडखळली. पद्धत सांगते की मुलासाठी छान खोली सजवा, साधनं मांडा, मूल आपणहून शिकेल. खोली सजली, पण मूलच येईना. का येईल? आई-बाप उजाडताच मजुरीला जाणार. थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसणार. मुलगा गुरं घेऊन रानात जाणार. त्यांच्या दिवसात शाळेला जागाच नव्हती.

आपण असतो तर म्हणालो असतो की युजरच वाईट आहे. या दोघींनी डिझाइन बदललं.

मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. बाईंनी वस्तीत जायचं, पोरांना गोळा करायचं, हात-पाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. हीच अंगणवाडी. या शब्दाचं आणि कल्पनेचं श्रेय ताराबाईंना दिलं जातं. गुरं राखणारी पोरं कुरणात असतात, तर शाळा कुरणात. तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडामुळे थोरली येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ही विकासवाडी. आणि महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पानं, माती. मोजायला चिंचोका चालतो आणि तो पोराच्या ओळखीचाही असतो.

१९५० च्या दशकात हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या ऐन मध्यावर हललं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली ३१ ऑगस्टला त्या गेल्या. ३१ ऑगस्ट हा मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवस, हा एक योगायोग. अनुताई टेकडीवरच राहिल्या. १९८० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. पस्तिशीत आलेली बाई सत्तेचाळीस वर्षं त्या परमुलखात राहिली. एवढ्या काळात तो परमुलूख राहतो का, हा प्रश्नच आहे.

आता परत डोंगर चढून जव्हारला येऊ. कारण गोष्ट इथे संपली असती तर फार बरं झालं असतं.

१९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. बोर्डीचा शब्द देशभर गेला. आणि १९९२-९३ मध्ये, अनुताई गेल्या त्याच सुमारास, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. शब्द पोचला होता, योजना पोचली होती, पण ज्या अंगणात मूल होतं तिथे माणूस पुरेसा पोचला नव्हता. अंगणवाडी म्हणजे अंगणात चालत जाणारी बाई, हा मूळ अर्थ. पुढे अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक रजिस्टर आणि खिचडीचं पातेलं झालं. तिथल्या सेविकांना दोष द्यायचा नाहीये. तुटपुंज्या मानधनावर त्या काय काय सांभाळतात हे बघितलं की आपलं अप्रेझलचं रडगाणं बंद होतं.

दुसरी गोष्ट प्रवासाची. शिक्षकांच्या प्रवासाबद्दल मी मघाशी लिहिलं, पण जव्हार-मोखाड्यात खरा प्रवास विद्यार्थी करतात. इथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात. भात, नाचणी, वरई हातात आली की शेतात काम उरत नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. पोर गावात असतं जून ते ऑक्टोबर. अर्ध्या वर्षात पूर्ण वर्षाची परीक्षा! यात पोराचं डोकं कमी पडतंय असं म्हणणाऱ्याने आधी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघावीत. बग कॅलेंडरमध्ये आहे.

१९९० च्या दशकात वसई-भिवंडी भागात विधायक संसद या संस्थेने याच बगवर काम केलं. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी. भट्टीवरच, अशाच भोंग्यात शाळा भरवायची, म्हणून भोंगाशाळा. कल्पना ओळखीची वाटली ना? कुरणशाळेचीच ती धाकटी बहीण. पुढे सरकारनेही हंगामी वसतिगृहं काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणलं. कुठे ते चालतं, कुठे कपाटात राहतं. कार्ड पोराबरोबर भट्टीवर जातं, शिक्षक जातोच असं नाही.

एवढं सगळं वाचून-बघून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ताराबाई-अनुताई काही जादूगार नव्हत्या. 'इथे परक्या आम्ही आहोत' हे त्यांनी पहिल्या दिवशी मान्य केलं. परका माणूस गप्प बसून बघतो, विचारतो, समोरच्याच्या वेळेला आपली वेळ जुळवतो. मालक झाला की तो हजेरी घेतो. मोखाड्याला नेमणूक होणाऱ्या प्रत्येक मास्तराला पहिले दोन-तीन महिने फक्त ऐकायला आणि तिथली बोली शिकायला दिले, आणि एखाद्या पाड्यातल्याच शिकलेल्या पोराला किंवा पोरीला त्याची गुरू नेमलं, तर किती खर्च येईल? माझ्या त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगपेक्षा कमीच. तोवर वारली पोरगी पहिलीच्या वर्गात जी भाषा ऐकते, ती तिच्यासाठी आपल्याला जर्मन वाटते तशीच आहे. फरक इतकाच की आपल्याला जर्मन आली नाही तर कुणी 'ढ' म्हणत नाही.

असो. त्या गुरुजींनी आता वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने आखलेत म्हणे. एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला पोरांचा. दुसरा रकाना पोरं भरतात आणि गुरुजी पाठ करतात.