हात धुवा, पण...

मंडळी, स्कूटरची म्हणा, इन्व्हर्टरची म्हणा, बॅटरी आता आपल्या घरातलीच झाली आहे. ती 'बसली' की आपण कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन देतो आणि विसरून जातो. पण ही बॅटरी करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचा इतिहास मोठा बोलका आहे. आज थोडे त्याविषयी.

शिसे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल अशी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली. पुढे १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या भुकटीचा लेप देण्याची युक्ती काढली. बॅटरीची ताकद वाढली, कारखाने निघाले. पण त्या लेपाबरोबर भुकटीची धूळही आली, आणि ती कामगारांच्या छातीत गेली. पोटात मुरडा, रक्त कमी होणे, हिरड्यांवर निळसर रेघ, शेवटी मनगट लुळे पडणे. आपल्या जुन्या रसशास्त्रात शिशाला 'नाग' म्हणतात. इथे ते नाव अगदी शोभते, फक्त हा नाग हळूहळू डसतो.

इंग्लंडमध्ये १८९८ साली थॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१० पासून शिशाच्या कारखान्यांची पाहणी केली. बॅटरीच्या कारखान्यांवरचा त्यांचा सरकारी अहवाल १९१४ चा आहे. त्या काळी बरेच मालक म्हणत, कामगार अडाणी, हात न धुता जेवतात, म्हणून आजारी पडतात. हॅमिल्टनबाईंनी दाखवून दिले की खरा शत्रू हवेतली धूळ आणि वाफ आहे. हात कितीही धुतले तरी श्वास कसा धुणार? लेग यांचेही सांगणे तेच होते: मालकाने आपल्याकडून सगळे केल्याशिवाय कामगाराच्या हाती जवळजवळ काहीच नसते. हे गृहस्थ नुसते बोलणारे नव्हते. रंगातल्या शिशाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला सरकार मान्यता देईना, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या काळात ठरलेले उपाय आजही तेच आहेत. धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारा पंखा, कोरड्या झाडूऐवजी ओले पुसणे, जेवायची जागा वेगळी, कामाचे कपडे कामावरच ठेवणे, आणि ठराविक काळाने रक्ततपासणी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातही, सरकारला कळवायच्याच रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिली होती.

पण कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचतो, गल्लीतल्या दुकानापर्यंत क्वचितच. माझा एक जुना विद्यार्थी बॅटऱ्या चार्ज करून देतो. त्याला मी आवर्जून सांगितले ते इथेही लिहितो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि विडी-सिगारेट बाहेर. अ‍ॅसिड पाण्यात हळूहळू ओतायचे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. डोळ्यात उडालेच तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचे आणि थेट डॉक्टर गाठायचा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुनी बॅटरी फोडून परसात शिसे वितळवायचे नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असा नियम २००१ मध्येच झाला होता, त्याजागी २०२२ मध्ये नवे नियम आले. तरी हे उद्योग चालतात. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक होते, आणि त्यामागचे एक मोठे कारण अशीच बॅटऱ्यांची मोडतोड. बाप कामाच्या कपड्यांवर ती धूळ घरी आणतो आणि लेकरू त्याला बिलगते. मुलांच्या मेंदूचे जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही. चाळीसेक वर्षे वर्गात उभा राहिल्यावर आता वाटते, आपण ज्यांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवले, त्यांतल्या काहींच्या घरी असे काही नसेलच कशावरून?

असो. हात धुवावेतच. पण पाटी लावली म्हणून दुकानदाराची जबाबदारी संपत नाही, आणि बॅटरी कुठे दिली हे न विचारणाऱ्या तुमची-माझीही नाही.