तेज वेगळे, तेलकटपणा वेगळा

‘चकाकी नको, मॅट करा, सोज्वळ दिसते.’ लग्नसराईत पार्लरच्या आरशासमोर हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की आता त्याचा नियमच झाला आहे. गालाच्या उंचवट्यावर हायलायटर फिरवणारी मुलगी भडक, आणि पावडरीने चेहरा कोरा करून घेणारी घरंदाज! या पक्षाची कारणे तीन. चकाकी ही कोरियाहून आलेली टूम आहे. आपल्या दमट हवेत ती तेलकट दिसते. आणि नथ, मुंडावळ्या, पैठणीचा जर असे सगळे झळकत असताना चेहऱ्याने तरी शांत राहावे. कारणे वरवर बिनतोड आहेत. एकेक तपासू.

‘ग्लास स्किन’ हे नाव कोरियाहून आले, हे खरे. पण कांतीची स्तुती करायला आपल्याकडे शब्द कोणते आहेत? तुकतुकीत, तजेलदार, सतेज. नावे ठेवायची तर निस्तेज, पांढरीफटक. रूप गोस्वामींनी सोळाव्या शतकात ‘उज्ज्वलनीलमणि’ या ग्रंथात लावण्याची व्याख्या करताना मोत्याच्या आत तरळणाऱ्या प्रभेची उपमा घेतली. आपणही मोती पारखतो तो त्याच्या ‘पाण्या’वरूनच. तेव्हा चकाकीची आवड आयात करावी लागली, असे म्हणता येत नाही.

उलट आजच्या मॅटचे कूळ शोधले तर ते थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत निघते. रंगीत चित्रपट आले तेव्हा जुन्या तेलकट रंगभूषेवर आजूबाजूचे रंग परावर्तित होऊन चेहऱ्यांवर उमटू लागले. त्यावर मॅक्स फॅक्टर कंपनीने ओल्या स्पंजने लावायची वडी काढली, तीच पॅनकेक. 1937 साली आलेल्या ‘व्होग्ज ऑफ 1938’ या टेक्निकलर चित्रपटात ती गाजली आणि पुढे घरोघरच्या पर्समध्ये शिरली. म्हणजे जो चेहरा आज घरंदाज म्हणून मिरवतो, तो घडला झगझगीत दिव्यांची आणि कॅमेऱ्याची अडचण सोडवण्यासाठी.

दुसऱ्या कारणात तथ्य आहे. मे महिन्यात बिनवाऱ्याच्या मंगल कार्यालयात होमासमोर दोन तास बसलेल्या नवरीला चकाकीची महती सांगण्यात अर्थ नाही. मात्र इथे दोन गोष्टींची गल्लत होते. तेल सुटते ते नाकावर, कपाळावर, हनुवटीवर. पावडरीतले टाल्क, सिलिका, केओलिन ते शोषतात आणि प्रकाश चहूकडे विखुरतात. त्या जागी पावडर हवीच. पण हायलायटर म्हणजे तेल नव्हे. त्यात बहुधा अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो, आणि ते त्वचेवर सपाट बसून प्रकाश परतवतात. कोरड्या पुडीतही ते मिळते. नाक कोरडे आणि गाल सतेज, हे एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदते.

आता ज्या मुद्द्याकडे मॅटवाले पाहतच नाहीत, तो. त्वचेवर पडलेल्या प्रकाशातला थोडा भाग, समोरून पडला तर सुमारे 4 टक्के, वरूनच आरशासारखा परततो. उरलेला आत शिरतो. त्यातला काही शोषला जातो, काही विखरून बाहेर येतो. वरून परतणारा भाग गोऱ्या-सावळ्या त्वचेत जवळपास सारखाच असतो. आतून येणारा मात्र मेलॅनिन जास्त तितका कमी. म्हणून सावळ्या चेहऱ्याचा घाट दाखवण्यात वरच्या चकाकीचा वाटा मोठा. देवळातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला तेल लावले की नाक-डोळे उठून दिसतात आणि ती कोरडी पडली की घडण हरवते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

माझ्या सावळ्या भाचीच्या लग्नात हेच घडले. ‘ताई, उन्हात तेल सुटेल, मॅटच ठेवू,’ असे म्हणत मेकअप करणाऱ्या बाईंनी पावडरीचा तिसरा हात फिरवला. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली ठीक वाटले. भाची अंगणात आली आणि चेहरा राखेसारखा दिसू लागला. मेंदीचे हात समोर धरून ती म्हणाली, ‘मावशी, हे हात कुणाचे लावलेत मला?’ ओल्या कापसाने गालांवरचा थर उतरवला, बोटाच्या टोकावर बदामतेलाचा एक थेंब घेऊन उंचवट्यावर टेकवला. मिनिटाभरात आमची मुलगी परत आली.

उरले दागिन्यांचे कारण. नथीतला मोती पुठ्ठ्यावर ठेवून पाहा आणि मग जिवंत गालाशेजारी पाहा. मोत्याचे पाणी खुलायला शेजारी थोडा ओलावा लागतो. पिठासारख्या कोरड्या गालावर तीच नथ चिकटवल्यासारखी दिसते.

चकाकीवर रास्त आक्षेप एकच, आणि तो मॅटवाले घेत नाहीत. झारखंडात कोडरमा-गिरिडीह भागात अभ्रकाचे तुकडे वेचायला लहान मुले राबतात. तिथले अभ्रक सौंदर्यप्रसाधनांतही जाते. भडकपणाचा बाऊ करण्यापेक्षा डबीतले अभ्रक कुठून आले, हे विचारावे.

मग सिद्धान्त काय? तो दिवाळीच्या पहाटे आपण दरवर्षी आचरतोच. आधी अंगाला तेल जिरवायचे, मग उटण्याने वरचे जादा तेल काढायचे. न्हाऊन आलेले मूल तेलकटही नसते आणि कोरडेही नसते. रंगमंचावर प्रखर झोतात किंवा फ्लॅशसमोर मॅट खुशाल वापरावे, ते त्यासाठीच जन्मले आहे. दिवसाउजेडी मात्र त्याला सभ्यतेचे प्रमाणपत्र देऊ नये.

नवरीचा मेकअप झाला की तिला आरशासमोरून उठवून एकदा दारात, उन्हात उभी करा. चेहरा आणि हात एकाच मुलीचे दिसले, तर काम जमले.