काळा कातळ की मांजऱ्या? विहीर खोदण्याआधी दगड ओळखा

कुडपण (ता. पोलादपूर) : पावसाळ्यात भीमाची काठी धबधबा बघायला कुडपणला गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मे आला की डोंगरातल्या वाड्यांची हंडे घेऊन पायपीट सुरू. एवढा पाऊस पडतो तर पाणी जातं कुठं? अर्धं उत्तर पायाखालच्या दगडात आहे.

आपला सगळा डोंगर बेसॉल्टचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर. आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाताना आपण हेच थर चढतो. सरळ कडा, मग थोडी सपाटी, परत कडा.

या थरांत मुख्य दगड दोन. काळा कातळ घट्ट आणि जड, घण मारला तर खणखण वाजतो. पाटा-वरवंटा, जातं, रस्त्याची खडी याचीच. यात पाणी मुरायला जागा नाही, भेगा असतील तेवढंच पाणी.

दुसरा मांजऱ्या. लाव्हा थंड होताना आतला वायू बुडबुड्यांनी वर आला आणि घावनाला जाळी पडते तशी थराच्या वरच्या भागात भोकं पडली. पुढे त्या भोकांत पांढरी, हिरवट खनिजं भरली. गारगोटी त्यातलीच. रंग राखाडी किंवा तांबूस, आणि कातळापेक्षा हा लवकर झिजतो. म्हणून कडा बहुतेक कातळाचा आणि सपाटी मांजऱ्याची.

(जांभा यात धरू नका. तो बेसॉल्ट कुजून तयार झालेला वेगळा दगड.)

भोकं दिसली म्हणजे पाणी लागणार, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ताज्या मांजऱ्यातली भोकं भरलेली असतात, एकमेकांना जोडलेलीही नसतात. पाणी धरतो तो कुजून मुरमासारखा झालेला मांजऱ्या. त्यात मुरलेलं पाणी खालच्या कातळावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन निघतं. वाड्या बसल्या त्या बहुतेक अशाच जागी, कारण पाणी जवळ आणि शेताला सपाटी.

धोकाही तिथंच. कुजलेला थर आणि वरची माती पाण्यानं जड झाली, खाली कातळ आणि उतार तीव्र असला, तर सगळं घसरतं. 22 जुलै 2021 च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरड आली. दरडीला पावसाचा जोर, उतार, मातीची जाडी अशी बरीच कारणं असतात, पण घरामागं डोंगर तोडताना कुठला थर मोकळा होतोय हे बघायलाच हवं. उतारावर नवी भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तलाठ्याला लगेच कळवा आणि रात्र दुसरीकडे काढा.

बोअर मारताना निघणारी भुकटी बघत राहा. काळसर राखाडी म्हणजे कातळ, पांढरे कण चमकले तर मांजऱ्या. लालभडक आली तर दोन थरांमधली लाल माती. ती पाण्यानं फुगते आणि बोअर ढासळतो, तिथं केसिंग पाईप घालायचाच. जागा ठरवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करा.