साने गुरुजी जयंती

साने गुरुजी जयंती हा मराठीतील बालसाहित्यिक, शिक्षक व स्वातंत्र्यसैनिक पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (24 डिसेंबर 1899 – 11 जून 1950) यांचा जन्मदिन होय. दरवर्षी 24 डिसेंबर रोजी महाराष्ट्रातील शाळा, ग्रंथालये आणि सामाजिक संस्था हा दिवस साजरा करतात. इतर पुण्यपुरुषांच्या जयंत्यांमध्ये मिरवणुकीला आणि भाषणांना जे स्थान असते, ते या जयंतीत कथाकथनाला आहे. 2024 साली गुरुजींच्या जन्मास 125 वर्षे पूर्ण झाली.

जन्मगाव

गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोताचे होते. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात घरावर कर्ज झाले आणि संपन्नता ओसरली. आई यशोदाबाई यांचे 1917 साली निधन झाले. या घरातील बालपणाच्या आठवणींवर ‘श्यामची आई’ हे पुस्तक आधारलेले आहे. पालगड येथील गुरुजींचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. ‘श्यामची आई’ वाचलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकातील अंगण आणि कोकणातील परिसर येथे प्रत्यक्ष पाहता येतो.

कथाकथनाची परंपरा

गुरुजी 1924 ते 1930 या काळात खानदेशातील अमळनेर येथे शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तेथील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. 1930 साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची रचना असून त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. त्यामुळे ते मोठ्याने वाचून दाखवण्यास आणि सांगण्यास सोपे जाते.

गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला ही चळवळ उभी राहिली. मुलांना नियमितपणे गोष्टी सांगणे हा तिचा मुख्य कार्यक्रम होय. जयंतीच्या दिवशी होणाऱ्या कथाकथन स्पर्धांमागे ही परंपरा आहे.

जयंतीचे स्वरूप

प्रतिमापूजन, गुरुजींनी रचलेल्या प्रार्थनेचे समूहगान, ‘श्यामची आई’मधील एखाद्या प्रकरणाचे वाचन, कथाकथन व वक्तृत्व स्पर्धा असा कार्यक्रम सर्वसाधारणपणे असतो. काही ठिकाणी पुस्तकांचे वाटप, ग्रंथप्रदर्शन किंवा श्रमदान केले जाते. आचार्य अत्रे यांनी 1953 साली काढलेला ‘श्यामची आई’ हा चित्रपटही अनेकदा दाखवला जातो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक प्रथम या चित्रपटास मिळाले.

मातृप्रेमापलीकडे

शालेय कार्यक्रमांत गुरुजींची ओळख बहुधा मातृभक्त आणि हळवे लेखक अशी करून दिली जाते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. ‘श्यामची आई’मध्येच एक प्रसंग असा आहे : एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरून लाकडांची मोळी खाली पडते. स्पृश्यास्पृश्यतेच्या भीतीने कोणी पुढे येत नाही. अशा वेळी आई श्यामला ती मोळी उचलून द्यायला सांगते. पुढे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी पंढरपूर येथे 1 ते 10 मे 1947 या काळात उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. पालगडच्या अंगणात मुलाला मिळालेला धडा आणि पंढरपूरचे उपोषण या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच मुलांना गुरुजींचे पूर्ण दर्शन घडते.

गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी परस्परांच्या भाषा व साहित्य जाणून घ्यावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पनाही त्यांचीच. तमिळ भाषेतील ‘तिरुक्कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. काही संस्था जयंतीनिमित्त अन्य भारतीय भाषांतील गोष्टी व गाणी मुलांना ऐकवतात, त्यामागे हीच प्रेरणा आहे.

अन्य स्मृतिस्थळे

रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक असून तेथे मुलांची व युवकांची शिबिरे भरतात. गुरुजींची कर्मभूमी असलेल्या अमळनेर येथे फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. संमेलननगरीस गुरुजींचे नाव देण्यात आले होते.